जोडघर की स्वतंत्र घर? : गडचिरोलीतील नव्या वसाहतींच्या आखणीचा विचार

घरकुल मंजूर झाले, यादीत नाव आले, पहिला हप्ता खात्यात जमा होण्याची वेळ आली, आणि तरीही घर उभे राहिले नाही, अशी प्रकरणे प्रत्येक पंचायत समितीच्या दप्तरात असतात. त्यांपैकी बऱ्याच प्रकरणांत अडचण पैशाची नसते, जागेची असते. मग ग्रामपंचायत जागेचा शोध घेते, गावाच्या कडेला एखादा तुकडा मिळतो, आणि नकाशा काढायला बसल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो : या जागेवर प्रत्येक कुटुंबाचे चारी बाजूंनी सुटे घर बांधावे, की भिंतीला भिंत लावून ओळीने घरे उभारावीत? शहरांत दुसऱ्या प्रकाराला रो-हाऊस म्हणतात. खेड्यात त्याला जोडघर म्हणणे सोयीचे.

हा प्रश्न वास्तुशास्त्रज्ञांचा आहे असे समजून तो बाजूला ठेवण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः पुढची पन्नास वर्षे गावाने कोठून चालावे, पाणी कोठून वाहावे, जनावरे कोठे बांधावीत आणि ग्रामपंचायतीने किती लांबीचे रस्ते झाडावेत, हे सारे या एका निर्णयाने ठरून जाते. तेव्हा तो ग्रामसभेत, जागा पाहून आणि हिशेब मांडूनच घेतला पाहिजे.

जमीन विपुल, जागा दुर्मीळ

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर क्षेत्र आणि २०११ च्या जनगणनेनुसार १०,७२,९४२ लोकसंख्या, हे प्रमाण पाहिल्यास येथे घरासाठी जागेची वाण असावी यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही. तथापि जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार वनजमीन अन्य कामासाठी वापरावयाची तर केंद्र शासनाची मान्यता लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरच्या आतील वनजमीन वळती करण्याची सुलभ वाट करून दिली खरी. परंतु त्या यादीत शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ते, तलाव, समाजमंदिर असली कामे आहेत, राहण्याची घरे नाहीत. ज्या कुटुंबाचा त्या जमिनीवरील निवासाचा हक्क याच कायद्याने मान्य झाला, त्याची गोष्ट वेगळी. नवी वसाहत मात्र गावठाण, शासकीय पडीत जमीन किंवा विकत घेतलेली जमीन यांवरच करावी लागते. त्यातही आदिवासी खातेदाराच्या जमिनीचे हस्तांतरण जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ च्या बंधनांनी मर्यादित आहे, आणि ते तसे असणे योग्यच आहे.

राहिलेल्या बिगर-वन जमिनीत धानाच्या बांध्या, बोड्या, मामा तलाव आणि नदीकाठची पूरबाधित पट्टी वजा केली म्हणजे घर बांधण्याजोगा उंचवट्याचा तुकडा किती थोडा उरतो हे ध्यानात येते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटतो. २०१९ च्या पावसाळ्यात तर तेथील बाजारपेठ पाण्याखाली गेली. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पुराने सिरोंचा तालुक्यातील नदीकाठच्या गावांना घरे सोडावी लागली. अशा गावांना उंच जागा हवी असते, आणि उंच जागेवर बहुधा आधीच जंगल असते.

भूमिहीन लाभार्थ्यांसाठी राज्य शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. तीत प्रत्येक कुटुंबास ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा गृहीत धरली गेली. ५०० चौरस फूट म्हणजे साडेसेहेचाळीस चौरस मीटर. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा वाद त्याच्याभोवती फिरतो.

एका भूखंडाची दोन चित्रे

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे. इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होते. हिशेबासाठी ५ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असे चौरस घर घेऊ.

साडेसेहेचाळीस चौरस मीटरचा भूखंड चौकोनी आखला तर त्याची बाजू सुमारे ६.८ मीटर येते. मधोमध ५ मीटरचे घर ठेवले की चारी बाजूंना प्रत्येकी ९० सेंटिमीटरची पट्टी उरते. कागदावर हे स्वतंत्र घर आहे. प्रत्यक्षात त्या पट्टीत बाज टाकता येत नाही, सरपण रचता येत नाही, शेळी बांधता येत नाही. शेजारच्या घराची तशीच पट्टी मिळून दोन घरांमध्ये एक बोळ तयार होतो. त्यात पागोळ्यांचे पाणी साचते, केरकचरा अडकतो, डास होतात. हिवतापाचा दीर्घ इतिहास असलेल्या या जिल्ह्यात अशा बोळांना क्षुल्लक समजता येणार नाही.

आता तेवढाच भूखंड ५ मीटर रुंद आणि ९.३ मीटर लांब असा आखावा आणि घरे भिंतीला भिंत लावून बांधावीत. घर तेवढेच, जागा तेवढीच. परंतु उरलेली साडेएकवीस चौरस मीटर जागा चार चिंध्यांत न विखुरता एकत्र सापडते. तीतील दीड मीटर पुढे छपरीसाठी सोडले तरी मागे ५ मीटर रुंद आणि पावणेतीन मीटरहून अधिक खोल अंगण राहते. त्यात न्हाणी, शौचालय, चूल आणि दोन-चार वेलींचा मांडव बसू शकतो.

स्वतंत्र घर चांगले की जोडघर, या प्रश्नाचे उत्तर घरात नाही, उरलेल्या मोकळ्या जागेत आहे. मोकळी जागा एकसंध आणि कामाची राहील ती आखणी चांगली. भूखंड मोठा असेल तर सुटे घर उत्तम. भूखंड लहान असेल तर सुटे घर ही केवळ प्रतिष्ठेची समजूत ठरते. आणि अनेक गावांच्या कडेला नेमकी हीच चूक झालेली दिसते : हातभर अंतर सोडून उभी केलेली घरे, ज्यांना ना सुट्या घराचा मोकळेपणा, ना जोडघराची काटकसर.

भिंत, रस्ता आणि नळ

आठ सुटी घरे बांधली तर प्रत्येकी २० मीटर याप्रमाणे १६० मीटर लांबीची भिंत लागते. तीच आठ घरे एका ओळीत जोडली तर पुढची-मागची मिळून ८० मीटर आणि आडव्या नऊ भिंती ४५ मीटर, अशी १२५ मीटर भिंत पुरते. भिंतीखालच्या पायाचीही तेवढीच बचत होते. विटा, वाळू आणि सिमेंट कोरची किंवा एटापल्लीच्या आतल्या टोल्यापर्यंत पोहोचवण्याचा वाहतूक खर्च ज्याने पाहिला आहे, त्याला ३५ मीटर भिंतीचे मोल सांगावे लागणार नाही.

दुसरा लाभ उन्हाचा. चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. सुट्या आठ घरांच्या १६० मीटर भिंतीवर ऊन पडते, जोडलेल्या आठ घरांच्या केवळ ९० मीटर भिंतीवर. ओळ पूर्व-पश्चिम ठेवून दारे उत्तर-दक्षिण काढली तर मावळतीचा तडाखा फक्त शेवटच्या घराला बसतो. तेथे एक कडुनिंब लावावा.

रस्त्याचा हिशेब याहून मोठा आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून ४० घरे वसवायची आहेत असे समजा. प्रत्येकाला १० मीटर रुंद आणि १५ मीटर खोल भूखंड दिला तर रस्ता २०० मीटर लांब होतो. रुंदी ५ मीटर केली तर मधल्या वाटा धरून तो जेमतेम ११० मीटर भरतो. ६ मीटर रुंदीच्या रस्त्यासह पहिल्या वसाहतीला ७,२०० चौरस मीटर जमीन लागेल, दुसरीला ४,००० च्या आत. फरक सुमारे ३२ आरचा, म्हणजे एका लहान शाळेची इमारत आणि मैदान यांचा. शिवाय नळाची वाहिनी, नाली आणि विजेचे खांब यांची लांबी रस्त्याबरोबरच वाढते वा घटते. बांधकामाचा निधी एकदा मिळतो. दुरुस्ती मात्र ग्रामपंचायतीला आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून वर्षानुवर्षे करावी लागते.

किल्लारीनंतरची गावे

या बाबतीत महाराष्ट्राला एक मोठा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसे गाडली गेल्याची भीती ताजी होती. त्यामुळे रुंद सरळ रस्ते आणि एकमेकांपासून दूर सुटी घरे ही आखणी त्या वेळी लोकांनाही सुरक्षित वाटली, यात नवल नाही.

परंतु जुन्या गावठाणाच्या कित्येक पट जमिनीवर पसरलेली ही गावे चालवणे पुढे ग्रामपंचायतींना जड गेले. रस्ते आणि पाण्याच्या वाहिन्या लांबल्या. जुन्या गावात वाड्याला वाडा लागून होता, चौक आतल्या बाजूला होता. नव्या गावात घराचे चारी अंग उघडे पडले. बायकांना आडोसा राहिला नाही, म्हणून लोकांनी आपापल्या पैशाने कुंपणाच्या भिंती घातल्या आणि मोकळ्या सोडलेल्या जागेत खोल्या वाढवल्या. घर सुटे असले की ते अधिक खाजगी असते, हा समज तेथे टिकला नाही. खाजगीपणा आडोशातून येतो, अंतरातून येतोच असे नाही.

सांदवाडीचे मोल

मग गडचिरोलीत सर्वत्र जोडघरेच बांधावीत काय? तसे म्हणणे एकांगी होईल. मराठवाड्यातील वाड्याचे गाव आणि भामरागड-एटापल्लीकडील माडिया गाव यांत मूलतःच फरक आहे. माडियांचे घर म्हणजे कुडाच्या भिंती आणि छप्पर एवढेच नव्हे. घर, त्यापुढील सारवलेले अंगण, कोंबड्या-डुकरांचा आसरा, धान्याची साठवण, मागची वाडी आणि या सर्वांभोवती बांबूचे कुंपण, असे ते एक पूर्ण घटक असते. मोहफुले वाळवायला जागा लागते. तेंदू पानांचे पुडके बांधायला जागा लागते. धानाची मळणी, टोपल्या विणणे, सण, पाहुणे, आजारी माणसाची बाज, सारे अंगणातच. मुलाचे लग्न झाले की त्याच कुंपणात किंवा शेजारी दुसरे घर उठते. आरमोरी-देसाईगंजच्या धानपट्ट्यातही घरामागच्या सांदवाडीत निघणाऱ्या वालाच्या शेंगा आणि भोपळे गरीब घराच्या चुलीला मोठा हातभार लावतात.

अशा कुटुंबाला २५ चौरस मीटरच्या ओळीत बसवून मागे दोन मीटरचा तुकडा दिला, तर पक्के घर मिळाले आणि संसाराचे साधन गेले, असा प्रकार होतो. मग नव्या घरात धान ठेवले जाते आणि माणसे शेजारच्या जुन्या कुडाच्या घरात राहतात. त्यावर लाभार्थी घराचा वापर करीत नाही, असा शेरा मारला जातो. शेरा मारण्यापूर्वी नकाशा पाहावा.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान जनजाती आदिवासी न्याय महाअभियानात माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या महाराष्ट्रातील तीन जमातींसाठी २ लाख रुपयांच्या घरकुलाची तरतूद आहे. ही घरे बहुतांशी कुटुंबाच्या आहे त्या जागीच उभी राहतात. तेथे घर सुटेच असावे, आणि ते कुंपणाच्या कोणत्या कोपऱ्यात घ्यायचे हे घरच्या माणसांनी ठरवावे. अंगणाच्या मधोमध फक्की टाकणाऱ्या कर्मचाऱ्याला थांबवण्याचा त्यांना अधिकार आहे.

आगीचाही विचार हवा. कुडाच्या भिंती आणि गवती छपरे असताना घरे अंतरावर ठेवण्यामागे शहाणपण होते. विटांच्या जोडघरात तो धोका कमी होतो, पण मधली भिंत छपरापर्यंत नेऊन थांबवली तर वाशांवरून आग पलीकडे जातेच. म्हणून सामाईक भिंत टिनाच्या किंवा कवेलूच्या छपराच्या वर हातभर चढवावी. उलट बाजूने, ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेले रानटी हत्ती जिल्ह्याच्या उत्तर भागात वावरू लागले, आणि ब्रह्मपुरीच्या परिसरात वाघाचे भय आहेच. जंगलालगत विखुरलेल्या घरांपेक्षा एका उजेडाच्या रस्त्यावर एकत्र असलेली घरे रात्री अधिक निर्धास्त वाटतात, हेही नोंदले पाहिजे.

सामाईक भिंत कोणाची?

जोडघराची खरी अडचण बांधकामशास्त्रात नाही, योजनेच्या रचनेत आहे. घरकुलाचे अनुदान लाभार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात, कामाच्या प्रगतीनुसार हप्त्याहप्त्याने येते. बांधकाम ठेकेदाराने नव्हे, लाभार्थ्याने करावे असा नियम आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात प्रधानमंत्री आवास योजनेचे साहाय्य १ लाख ३० हजार रुपये धरण्यात आले, सपाट प्रदेशात १ लाख २० हजार. प्रत्येकाने आपले घर आपण बांधावे ही कल्पना सुट्या घराला सोयीची आहे. आठ घरांची ओळ मात्र आठ जणांनी एकाच वेळी पाया खणला तरच उभी राहते. एकाने मंजुरीनंतर तेलंगणात मिरची तोडायला जाऊन हंगाम घालवला, दुसऱ्याचा हप्ता कागदपत्रांत अडकला, की मधली भिंत अर्धवट राहते, आणि शेजाऱ्याच्या घरात पावसाळाभर ओल येते. भांडणाला एवढे कारण पुरते.

यावर उपाय आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या महाआवास अभियानात भूमिहीन लाभार्थ्यांसाठी एकत्र गृहसंकुले उभारण्यास उत्तेजन देण्यात आले. अशा ठिकाणी एका ओळीतील लाभार्थ्यांची मंजुरी एकाच वेळी घ्यावी, गवंडी एकच ठरवावा, आणि सर्वांचा चौथरा व आडव्या भिंती आधी पूर्ण कराव्यात. इंदूरजवळील अरण्य वसाहतीत वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात हीच वाट घेतली. ३५ चौरस मीटरच्या लहान भूखंडांवर चौथरा, शौचालय आणि न्हाणी एवढेच आधी बांधून दिले, आणि पुढचे घर रहिवाशांनी सवडीने वाढवले. सामाईक भिंतीबाबत साधा लेखी करार ग्रामपंचायतीने करून ठेवावा : भिंत दोघांची, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, तुळई टेकवण्याचा हक्क दोघांना, आणि भिंतीत भगदाड पाडण्याचा कोणालाही नाही.

ओळीची लांबीही आवरती हवी. आठ घरांपुढे ओळ वाढवू नये आणि दोन ओळींमध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट सोडावी. उताराच्या जमिनीवर लांब ओळ पाण्याला आडवा बांध घालते. वरच्या अंगाला नाली खणून पाणी त्या वाटेने काढून दिले नाही, तर आषाढात मागची भिंत पाझरते. पाठीला पाठ लावून दोन ओळी तर कधीही बांधू नयेत. इंग्लंडमधील कारखान्यांच्या गावांत तशी घरे शेकड्यांनी बांधली गेली, आणि हवा खेळत नाही म्हणून १९०९ च्या कायद्याने ती बांधण्यास बंदी घालावी लागली. शौचालयाचे दोन शोषखड्डे मागच्या अंगणात येतात. ते उपसायला मागून वाट हवी, आणि विहीर किंवा हातपंप निदान १० ते १५ मीटर दूर हवा. लहान भूखंडांच्या वसाहतीत हे अंतर राखणे हेच सर्वांत अवघड काम असते, म्हणून हातपंपाची जागा आधी ठरवावी आणि घरे मागाहून आखावीत.

जुळ्या घरांचा मध्यममार्ग

तालुक्याच्या गावी, जेथे जमीन विकत घ्यावी लागते आणि बहुतेक माणसे मजुरीवर किंवा नोकरीवर जगतात, तेथे जोडघरेच योग्य. जंगलातील टोल्यांत सुटी घरेच योग्य. या दोहोंच्या मधली जी शेकडो गावे आहेत, त्यांच्यासाठी जुळ्या घरांचा, म्हणजे एका भिंतीला दोन्हीकडून एकेक घर लावण्याचा, विचार अधिक व्हायला हवा. दोन घरांना मिळून ४० ऐवजी ३५ मीटर भिंत लागते. बचत आठव्या हिश्श्याची, म्हणजे ओळीपेक्षा कमी. पण प्रत्येक घराला तीन बाजू मोकळ्या राहतात, मागच्या वाडीत बैल किंवा दुचाकी नेता येते, आणि पुढे एक खोली वाढवायला एक बाजू शिल्लक असते. जमवून घ्यावे लागते ते आठ कुटुंबांना नव्हे, दोघांना. भावांच्या वाटणीत मधली भिंत सामाईक राहण्याची रीत गावोगाव आहेच. यादीत दोन भावांची, किंवा सासू आणि विधवा सुनेची, अशी दोन नावे असतील तर जोडी आपोआप ठरते.

भूखंडाची रुंदी साडेसात-आठ मीटर मिळत असेल तर जुळे घर बसते. त्याहून कमी असेल तर ओळ करावी, आणि दहा मीटर वा अधिक असेल तर सुटे घर. हा ढोबळ आडाखा आहे. जागेवरील चढउतार, झाडे आणि जुनी पायवाट पाहून त्यात फरक करावा लागेल.

नकाशा कागदावर मंजूर करण्यापूर्वी तो जमिनीवर चुन्याने आखून पाहावा, आणि त्या रेघांत लाभार्थी कुटुंबांतील बायकांना उभे करून चूल कोठे, पाण्याचा माठ कोठे, बाळंतिणीची बाज कोठे, हे विचारावे. भूखंडांचे वाटप चिठ्ठ्या टाकून करायचे असल्यास ओळीच्या टोकाची घरे चिठ्ठीतून वगळावीत. त्यांना तिसरी बाजू मोकळी मिळते. ज्याच्याकडे जनावरे आहेत, ज्याला किराणा किंवा शिलाईचे दुकान काढायचे आहे, किंवा ज्या घरात चाकाच्या खुर्चीवर वावरणारे माणूस आहे, अशा कुटुंबांना ती ग्रामसभेने नावानिशी द्यावीत आणि तसा ठराव नोंदवहीत लिहून ठेवावा.